विचारा बिनधास्त: स्फोटकं सापडली तरी पाहुणे येतातच कसे?

मागच्या अंकात लाल किल्ल्याजवळचा स्फोट आणि नंतरची पुतिन यांची दिल्लीभेट यावर चार ओळी काय लिहिल्या, तुमचे मेसेज सुरूच झाले. सगळे छापणं शक्य नाही, त्यामुळे एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात सिक्युरिटी डिपार्टमेंटला बरीच वर्षं होतो, परदेशी पाहुण्यांचे कार्यक्रम जवळून बघितलेत, त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या आणि बाकीच्या वाचून जमवलेल्या अशा दोन्ही सांगतोय.

प्रश्न: दादा, १० नोव्हेंबर २०२५ ला लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला, त्याच दिवशी पोलिसांनी सांगितलं की फरीदाबादकडे भाड्याच्या खोल्यांतून वगैरे मिळून २,९०० किलो स्फोटकांचं सामान पकडलंय. आणि ४ डिसेंबरला पुतिन दिल्लीत उतरले पण! एवढं होऊनही दौरा रद्द का करत नाहीत? (एक वाचक, नाशिक)

रद्द करणं हा अगदी शेवटचा पर्याय असतो, कारण यजमान देशाने रद्द केलं की त्याचा अर्थ सगळं जग एकच लावतं, यांना पाहुणा सांभाळता येत नाही. आणि पाहुण्याने केलं तर तो घाबरला असा अर्थ लावतात. त्यामुळे दोघंही आपापल्या परीने दौरा रेटतात, बदलतात फक्त बाकीच्या गोष्टी, रस्ता, वेळ, कुठल्या गेटने आत जायचं, कुठला कार्यक्रम उघड्यावरून हॉलमध्ये घ्यायचा.

१९७८ चं सिडनीचं उदाहरण घ्या. कॉमनवेल्थच्या आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या प्रमुखांची बैठक होती, सगळे हिल्टन हॉटेलात उतरलेले, त्यात आपले पंतप्रधान मोरारजी देसाईसुद्धा होते. १३ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर पाऊण वाजायच्या सुमाराला जॉर्ज स्ट्रीटवर हॉटेलच्या दारातला कचऱ्याचा डबा सफाई कामगारांनी गाडीत रिकामा केला आणि स्फोट झाला. दोन सफाई कामगार जागीच गेले, एक पोलीस नंतर गेला. आत एवढे पंतप्रधान झोपलेले आणि बाहेर फुटपाथवरचा डबा कुणी उघडून बघितला नव्हता! संशय आनंदमार्ग या पंथाच्या लोकांवर गेला, खटले वर्षानुवर्षं चालले, वाद अजूनही मिटलेला नाही. पण बैठक? ती झाली. नेत्यांना बाऊरल नावाच्या गावी न्यायचं ठरलं होतं, तिकडे त्यांना हेलिकॉप्टरने नेलं आणि रस्त्यावर, रेल्वेलाइनवर लष्कर उभं केलं.

आता तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट. स्फोटकं सापडली की लोकांना वाटतं सुटलो बाबा एकदाचे, आणि ज्यांच्यावर बंदोबस्ताची जबाबदारी असते त्यांची झोप तिथूनच उडते. कारण सापडलं किती हे कळलं तरी आणलं किती होतं हे कळलेलं नसतं, आणि २,९०० किलो हा आकडा दिलासा देणारा की धडकी भरवणारा हे त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. मुंबईकरांना हे सांगायला नको, १९९३ ला रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरलेलं आरडीएक्स १२ मार्चच्या स्फोटांत सगळं वापरलं गेलंच नव्हतं, नंतर कुठून कुठून बाहेर निघत राहिलं. म्हणून पकडलेल्या माणसांना आधी माल कुठंय हे विचारतात आणि मग पावत्या, गाड्यांच्या खेपा, खोल्यांची भाडी यावरून हिशेब जुळवत बसतात. हिशेब जुळेपर्यंत बंदोबस्त कमी होत नाही.

आणि सापडलेला माल सांभाळणं हे पण जोखमीचंच. त्याच फरीदाबादच्या सामानातला मोठा साठा श्रीनगरला नौगाम पोलीस ठाण्यात नेला होता, १४ नोव्हेंबरच्या रात्री तपासणीसाठी नमुने घेताना तो उडाला आणि नऊजण गेले, पोलीस, फॉरेन्सिकची माणसं. घातपात नव्हता, अपघात होता. ही बातमी लाल किल्ल्याच्या बातमीखाली दबून गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न: तुम्ही मागे रंगूनच्या १९८३ च्या बॉम्बस्फोटाचा उल्लेख केला होता, नीट सांगा ना. बॉम्ब छपरात होता म्हणे, मग एवढ्या सिक्युरिटीला दिसला कसा नाही? (एक वाचक, इस्लामपूर)

सांगतो, आणि जरा लांबवूनच सांगतो, कारण माझ्या मते या विषयातलं सगळं या एका घटनेत आहे.

९ ऑक्टोबर १९८३, रविवार. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष चुन डू-ह्वान सहा देशांच्या दौऱ्यावर निघालेले, पहिला मुक्काम बर्मा (आताचा म्यानमार), त्यानंतर थेट भारतात यायचे होते. रंगूनला श्वेडगॉन पॅगोडाजवळ हुतात्म्यांचं स्मारक आहे, बर्माचे स्वातंत्र्यनेते आँग सान आणि त्यांचे सहकारी १९४७ ला मारले गेले त्यांचं. तिथे पुष्पचक्र वाहायचा कार्यक्रम. उत्तर कोरियाचे तीन लष्करी अधिकारी आधीच जहाजाने येऊन शहरात लपलेले होते आणि रात्रीच्या वेळी वर चढून त्यांनी स्मारकाच्या छपरात तीन बॉम्ब बसवून ठेवले होते, रिमोटने उडवायचे.

सकाळी कोरियाचे मंत्री ओळीत उभे राहिले. चुन यांची गाडी काही मिनिटं मागे होती. तेवढ्यात कोरियाच्या राजदूतांची झेंडा लावलेली गाडी आली, आणि बिगुलवाल्याने सराव म्हणून बिगुल वाजवला. लांबून बघणाऱ्याला वाटलं साहेब आले. त्याने बटण दाबलं. तीनातला एकच बॉम्ब फुटला, पण तेवढ्यात २१ माणसं गेली, १७ कोरियन आणि ४ बर्मी. परराष्ट्रमंत्री ली बम-सुक गेले, उपपंतप्रधान गेले, ते राजदूतही गेले. चुन वाचले, दौरा तिथेच सोडून सोलला परतले, भारतात आलेच नाहीत. हल्लेखोरांपैकी एक मारला गेला, दोघं पकडले गेले, एकाला फाशी झाली आणि कबुली देणारा तिसरा २००८ मध्ये रंगूनच्याच इन्सेन तुरुंगात आजाराने गेला. बर्माने उत्तर कोरियाशी संबंध तोडले ते २००७ पर्यंत जोडले नाहीत.

आता दिसला कसा नाही? कारण बघितलंच नाही हो. मान खाली घालून, चपला काढून जायची जागा ती, तिथे छपरावर शिडी लावून चढायचं हे कुणालाच सुचत नाही, सुचलं तरी म्हणायला जीभ रेटत नाही. मी इतकी वर्षं हेच बघत आलोय, मशीन कमी पडतात असं फार क्वचित होतं, जास्त वेळा होतं ते असं की मानाची जागा, मानाची गाडी, मानाचा माणूस तपासायचा कुणी इथे गाडी अडते. परक्या देशाची माणसं येऊन आमच्या स्मारकाच्या छपरावर चढणार म्हटलं की यजमानाला राग येणार, आणि तपासू द्या म्हणून पाहुण्याने हट्ट धरला तर तुमच्यावर भरवसा नाही असा अर्थ निघणार. या दोघांच्या मधल्या फटीत छप्पर राहून जातं.

आणि हे बर्माचंच होतं असं समजू नका. आपल्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक परदेशी पाहुणा राजघाटावर जातो, पुतिनही गेले. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, सगळं आधी पेपरात. म्हणजे रंगूनचाच साचा. रंगूननंतर जवळजवळ तीन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९८६ ला, गांधीजयंतीच्या कार्यक्रमात राजीव गांधींवर गोळीबार झाला तो कुठे? राजघाटावरच. माणूस आधीपासून तिथल्या हिरवळीत, वेलींच्या आड लपून बसलेला. गावठी हत्यार होतं म्हणून वाचले, पण तो आत लपलेला असताना जागा 'तपासलेली' होती हे लक्षात घ्या. आता तिथे झुडूप अन् झुडूप उपसून बघतात, माळ्यांनाही वेगळे पास असतात.

प्रश्न: सर, आमचा डेकोरेशनचा धंदा आहे. पुण्यात मागे जी-२० च्या बैठकांच्या वेळी आमच्या प्रत्येक पोराचं आधार, फोटो, पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, सामान दोन दिवस आधी आणायला लावलं आणि नंतर एक साधी खुर्ची पण आत नेऊ देईनात. एवढा छळ कशासाठी? (एक मंडप-डेकोरेटर, पुणे)

राग समजू शकतो राव, तुमच्या लोकांना उन्हात गेटवर ताटकळत उभं केलं असणार आणि चहासुद्धा कुणी विचारला नसणार. पण कारण ऐका.

१९८४ ला इंग्लंडात ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात थॅचरबाई पक्षाच्या अधिवेशनासाठी उतरल्या होत्या. १२ ऑक्टोबरला पहाटे तीनच्या सुमाराला स्फोट झाला, पाचजण गेले, बाई थोडक्यात वाचल्या. तो बॉम्ब आदल्या रात्री ठेवलेला नव्हता. आयआरए या ब्रिटनविरोधी आयरिश सशस्त्र संघटनेच्या माणसाने सप्टेंबरमध्ये साधा गिऱ्हाईक म्हणून ६२९ नंबरची रूम घेतली, बाथटबच्या बाजूच्या पॅनेलमागे बॉम्ब बसवला, २४ दिवसांचा टायमर लावला आणि बिल भरून निघून गेला. आणि ग्रोझनीत तर कहर, ९ मे २००४, विजयदिनाची परेड, डायनॅमो स्टेडियममध्ये रशियातल्या चेचन्याचे अध्यक्ष अखमद कादिरोव मानाच्या स्टँडमध्ये बसलेले, आणि बॉम्ब त्या स्टँडच्या काँक्रीटमध्येच, दुरुस्तीचं काम चालू असताना पुरून ठेवलेला. खालून फुटला, कादिरोव गेले. आता मेटल डिटेक्टर दारात उभा करून उपयोग काय, काँक्रीटमध्ये सळ्या असतातच की.

म्हणून पोलीस आता कार्यक्रमाच्या दिवसाकडे कमी आणि आधीच्या दोन-तीन महिन्यांकडे जास्त बघतात. इथे प्लंबर कधी येऊन गेला, फॉल्स सीलिंग कुणी उघडलं, रंगकाम कुणी केलं, त्या रूममध्ये कोण राहून गेलं. त्यात तुमचं डेकोरेशन म्हणजे सगळ्यात मोठी डोकेदुखी, कारण एका ट्रकमध्ये हजार वस्तू, पोकळ पाइप, कापडाचे तागे, जनरेटर, फुलांच्या कुंड्या, माती भरलेल्या, आणि पोरं रोजंदारीची, आज हा तर उद्या तो.

आमच्याकडे पद्धत अशी होती. बीडीडीएसची, म्हणजे पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाची माणसं हॉलची घातपातविरोधी तपासणी करायची, एसीच्या जाळ्या काढून, फायर होजच्या पेट्या उघडून, पोडियम आडवं करून, खुर्च्या एकेक उलट्या करून. मग श्वानपथक. मग सगळे बाहेर, दारावर कागदी सील, त्यावर सही आणि वेळ, आणि बाहेर माणूस बसवायचा. एकदा एका हाउसकीपिंगवाल्या मुलाने विसरलेला व्हॅक्यूम क्लीनर आणायला म्हणून सील फाडून दार उघडलं, दोन मिनिटं आत गेला असेल. सगळा हॉल परत पहिल्यापासून केला, रात्री साडेअकराला, आणि त्या कुत्र्याच्या हँडलरने माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका. पण बरोबर होतं त्याचं. तपासलेली जागा ही दुधाच्या पातेल्यासारखी असते, नजर हटली की कामातून गेली.

तेव्हा तुमची ती एक साधी खुर्ची का अडवली ते कळलं असेल. एक करा, पुढच्या वेळी पोरांची यादी देताना चार-पाच नावं जास्तीची द्या, कुणी आजारी पडला तर ऐनवेळी नवा माणूस आत घेत नाहीत आणि मग तुमचीच फजिती होते.

प्रश्न: दूतावासाच्या बॅगा तपासत नाहीत असं ऐकलंय, खरंय का? मग त्यातून कुणी काहीही आणेल की! (यूपीएससी करणारी एक ताई, छत्रपती संभाजीनगर)

ताई, खरंय. १९६१ चा व्हिएन्ना करार, कलम २७, राजनैतिक बॅग उघडायची नाही आणि अडवायची पण नाही. त्याच कलमात असंही आहे की बॅगेवर बाहेरून दिसतील अशा खुणा हव्यात आणि आत फक्त सरकारी कामाचं सामान हवं, पण आत काय आहे हे न उघडता कळणार कसं हा घोळ करार करणाऱ्यांनी तसाच सोडून दिला. मुंबईत बहुतेक वकिलाती कॉन्सुलेट आहेत, त्यांचा करार वेगळा, १९६३ चा, त्यात ठाम संशय असेल तर आमच्यासमोर उघडा असं म्हणता येतं, नाही म्हणाले तर बॅग आली तिथे परत. परीक्षेत हा फरक विचारतील, लक्षात ठेवा.

खुणांचं महत्त्व किती, तर १९८४ ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना बेशुद्ध करून लाकडी पेटीत घालून मायदेशी पळवत होते. पेटीवर राजनैतिक सामानाच्या नीट खुणा नव्हत्या, तेवढ्या मुद्द्यावर कस्टमवाल्याने ती उघडायला लावली आणि माणूस वाचला.

स्फोटकांचं म्हणाल तर २०१८ ची केस वाचा. पॅरिसजवळ व्हिलपँतला इराणच्या विरोधकांचा मोठा मेळावा होता, परदेशी पाहुणे आलेले. बेल्जियमच्या सरकारी वकिलांनी कोर्टात मांडलं ते असं, की व्हिएन्नातल्या इराणी दूतावासातले अधिकारी असदोल्ला असदी यांनी टीएटीपी नावाचं स्फोटक तेहरानहून साध्या प्रवासी विमानाने व्हिएन्नाला आणलं. मग ते लक्झेंबर्गला एका पिझ्झाच्या दुकानात एका जोडप्याला दिलं. मेळाव्याच्या दिवशीच, ३० जूनला, ते जोडपं ब्रसेल्समध्ये गाडीत पकडलं, अर्धा किलोच्या आसपास माल सापडला. असदी स्वतः जर्मनीत सापडले आणि तिथे त्यांचं राजनैतिक संरक्षण चालेना, कारण नेमणूक ऑस्ट्रियात आणि हे जर्मनीत फिरायला. २०२१ ला अँटवर्पच्या कोर्टाने २० वर्षं दिली, २०२३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटून गेले. मेळावा? व्यवस्थित पार पडला, मंडपातल्या हजारो लोकांना नंतर बातम्यांतून कळलं.

इथे तपासणीच्या दारातून काहीच पकडलं गेलं नाही, हे बघा. गुप्तचरांनी आधीच माग काढला होता म्हणून निभावलं.

प्रश्न: आमच्या साळगावातून जातो तो चोगम रोड. आजोबा सांगतात तेव्हा मोठे मोठे लोक आलेले आणि रस्ते चकाचक केलेले. त्याचा रंगूनशी काही संबंध? (एक वाचक, बार्देश, गोवा)

तारखा जुळवून बघा म्हणजे गंमत कळेल. रंगूनचा स्फोट ऑक्टोबर १९८३ चा, आणि आपल्याकडची कॉमनवेल्थ देशांच्या प्रमुखांची परिषद, म्हणजे चोगम, नोव्हेंबर १९८३ ची. जेमतेम दीड महिना मध्ये. दिल्लीत बैठका झाल्या आणि मधल्या विश्रांतीसाठी इंदिरा गांधींनी सगळ्यांना गोव्यात आग्वादला आणलं, थॅचरबाईंसकट. जगातल्या प्रत्येक सिक्युरिटीवाल्याच्या डोक्यात तेव्हा ते छप्परच असणार. गोवा निवडण्यात समुद्र, हवा हे होतंच, पण किल्ल्याखालचं एका बाजूने पाण्याने वेढलेलं टोक राखायला सोपं हेही कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही. आजोबांना विचारा रस्ता बंद असताना पदेराचे (पाववाल्याचे) पाव कसे यायचे, आणि कळवा मला.

प्रश्न: मशीन एवढी असताना अजून कुत्रीच का? (एक वाचक, सातारा)

कारण कुत्रा वासाच्या मागे चालत जातो, मशीन जिथे ठेवलं तिथेच बसतं. १९९३ ला मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्राडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, ट्रेनिंग पुण्यात शिवाजीनगरला झालेलं, २००० मध्ये गेला तेव्हा सरकारी इतमामात निरोप दिला होता त्याला. प्लास्टिक स्फोटकांना मुळात वास फार कमी, स्कॉटलंडमध्ये लॉकरबीवर १९८८ ला उडवलेल्या विमानात सेमटेक्स हे प्लास्टिक स्फोटक रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये लपवून गेलं ते म्हणूनच, त्यानंतर १९९१ ला माँट्रियलला करार झाला की कारखान्यातच त्यात सापडण्याजोगं रसायन मिसळायचं. चोरून बनवणारा ते मिसळत नाही, हा भाग वेगळा. कुत्रा अर्ध्या तासात थकतो, मग नुसता शेपूट हलवत फिरतो, त्यामुळे मोठ्या हॉलला दोन-तीन लागतात. स्फोटकांचा कुत्रा भुंकत नाही हं, वास लागला की गपकन खाली बसतो. तसं शिकवलेलंच असतं.

प्रश्न: ओबामा आले तेव्हा मुंबईत नारळ काढले होते ही अफवा ना? (एक वाचक, डोंबिवली)

अफवा नाही. नोव्हेंबर २०१० ला ते गावदेवीच्या मणिभवनला जाणार होते, त्याआधी तिथल्या झाडांचे नारळ खरंच उतरवले होते. लोक फार हसले तेव्हा, पण निदान वर मान करून बघितलं तरी कुणीतरी.